कोणतं ब्लेड चांगलं? दुधारी पात्यांचा एक आढावा

दाढीचं दुधारी ब्लेड म्हणजे साधारण 43 मिलिमीटर लांब, 22 मिलिमीटर रुंद आणि मिलिमीटरचा एक दशांश भाग जाड अशी पोलादी पट्टी. जाडीला ती दाढीच्या एका राठ केसाएवढीच भरते. जपानमध्ये बनलेलं पातं जर्मन रेझरमध्ये बसतं, ठाण्यात बनलेलं आजोबांच्या पितळी रेझरमध्ये बसतं. तीन-पाच पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये ही मोकळीक नाही. दांडा ज्या कंपनीचा, कार्ट्रिजही तिचंच घ्यावं लागतं. म्हणून कोणतं ब्लेड चांगलं, हा प्रश्न खऱ्या अर्थानं दुधारी ब्लेड वापरणाऱ्यालाच पडतो, आणि तो जगभर हिरिरीनं चर्चिला जातो.

उत्तरं मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. ज्या ब्लेडनं एकाची दाढी तुळतुळीत होते, त्याच ब्लेडनं दुसऱ्याच्या मानेवर रक्ताचे ठिपके उमटतात. मग ‘ज्याची त्याची कातडी’ असं म्हणून विषय मिटवला जातो. मला हे मिटवणं पटत नाही. ब्लेडांमधले फरक खरे आहेत, त्यांची कारणं सांगता येतात, आणि ती कळली की चार-पाच पाकिटांत आपलं ब्लेड सापडतं. बहुतेकांना तर ते घराजवळच्या दुकानातच सापडतं, हे या आढाव्यातून मला ठामपणे सांगायचं आहे.

वस्तऱ्यात आणि ब्लेडमध्ये मूळ फरक आहे तो धार कोणी लावायची, याचा. न्हाव्याच्या धोकटीतला वस्तरा वर्षानुवर्षं चाले, कारण आधी दगडावर आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर धार लावण्याचं कसब त्याच्या हातात होतं. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन विक्रेत्याला ते कसब कारखान्यात न्यायचं होतं. अडचण अशी, की इतकं पातळ पोलाद कडक करायला गेलं की वेडंवाकडं होई. ती विल्यम निकर्सन या अभियंत्यानं सोडवली. 1901 मध्ये कंपनी निघाली. 1903 मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, 51 रेझर आणि 168 ब्लेडं खपली. पुढच्याच वर्षी पेटंट मिळालं आणि रेझरांचा खप 90 हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं सैनिकांसाठी सुमारे 35 लाख रेझर घेतले. ते सैनिक घरी परतले ते रोज आपली दाढी आपणच करायची सवय घेऊन. ब्लेडच्या मधली लांब खाच आज आपण गृहीत धरतो; ती 1930 च्या सुमारास, जिलेट आणि ऑटोस्ट्रॉप या दोन कंपन्यांच्या पेटंटवरून झालेल्या भांडणातून आणि अखेरच्या विलीनीकरणातून रूढ झाली.

तेव्हाची ब्लेडं कार्बन पोलादाची होती. धार उत्तम, पण ओलावा राहिला की गंज चढे आणि एक-दोन दाढ्यांत ब्लेड बदलावं लागे. हे चित्र पालटलं ते तलवारी घडवणाऱ्या एका जुन्या ब्रिटिश कंपनीनं. विल्किन्सन स्वोर्डनं 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला लेप दिलेलं स्टेनलेस पोलादाचं ब्लेड बाजारात आणलं. ते कित्येक दिवस टिकू लागलं, तेव्हा जिलेटसारख्या अवाढव्य कंपनीलाही 1963 मध्ये आपलं स्टेनलेस ब्लेड काढावं लागलं. आज आपण तुलना करतो ती जवळजवळ सगळी ब्लेडं त्याच वळणाची आहेत. मूळ पोलादात त्यांचा फरक थोडा आहे. तो वाढतो पुढच्या कामात, आणि ते काम पाकिटावरच्या चित्रापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

ब्लेडच्या पोलादात साधारण 13 टक्के क्रोमियम आणि काटेकोरपणे सांभाळलेला कार्बन असतो. कार्बन एका टक्क्याहून कमीच, पण तेवढ्यावरच कडकपणा ठरतो. लांबच लांब पट्टीला आधी भोकं पाडतात, मग ती भट्टीत हजार अंशांहून अधिक तापवून झटकन थंड करतात, शून्याच्या बऱ्याच खाली नेतात आणि पुन्हा हलकी तापवतात. यात पोलाद कडक होतं आणि ठिसूळपणा आटोक्यात राहतो. मग दोन्ही कडांना टप्प्याटप्प्यानं घासून धार काढतात आणि शेवटी चामड्यावर पाजळतात. धोकटीतल्या पट्ट्याचं काम इथे यंत्रावर फिरणारं चामडं करतं. तयार धारेचं टोक मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या हिशेबात मोजायचं असतं.

त्यावर लेप चढतात. क्रोमियम किंवा प्लॅटिनम-क्रोमियमचा अतिपातळ थर धारेचं टोक टिकवण्यासाठी असतो. त्यावर न चिकटणाऱ्या तव्यावर असतो त्याच जातीच्या पदार्थाचा, पीटीएफईचा, थर देऊन तो तापवून धारेवर बसवतात. गुळगुळीत दाढीचं बरंचसं श्रेय या शेवटच्या थराला आहे. नुसती धार केसात घुसते. हा थर तिला केसातून आणि कातडीवरून अडखळू न देता पुढे नेतो. पाकिटावर ‘प्लॅटिनम’ लिहिलेलं असलं तर त्यात खोटं काही नसतं, पण त्या शब्दावरून थर किती एकसारखा बसला आहे हे कळत नाही. दोन कंपन्यांची ‘प्लॅटिनम’ ब्लेडं चेहऱ्यावर अगदी वेगळी वागतात ती यामुळे. कोऱ्या ब्लेडची पहिली दाढी थोडी जड वाटते आणि दुसरी मऊ होते, असा पुष्कळांचा अनुभव आहे. त्याचंही कारण हेच: अगदी टोकावरचा जास्तीचा थर पहिल्या काही फटकाऱ्यांत मागे सरतो.

सलूनमध्ये बसलेलं गिऱ्हाईक ब्लेडबद्दल दोनच तक्रारी करतं: ‘ओढतंय’ किंवा ‘लागतंय’. माझ्या मते तुलनेची सगळी चौकट या दोन तक्रारींत आहे. ओढतंय म्हणजे केस कापायला जोर जास्त पडतो आहे, धार कमी आहे किंवा केस नीट भिजलेला नाही. लागतंय म्हणजे केस कापला जातो आहे, पण सोबत कातडीचा वरचा थरही निघतो आहे. बोथट विळीनं पिकलेला टोमॅटो चिरताना आपण दाबतो, आणि दाबल्यामुळेच बोट कापतं. दाढीतही ओढणारं ब्लेड असं दाबायला लावतं आणि मग लागतं. म्हणून जास्त धारदार ब्लेड म्हणजे जास्त जखमा, ही समजूत निम्मीच खरी. हात हलका असेल तर धारदार ब्लेड कमी लागतं, कारण तीच जागा पुन्हापुन्हा घासावी लागत नाही. हात जड असेल, तर त्याच ब्लेडकडून क्षमा नाही.

कारखान्यात धार मोजायची एक जुनी रीत आहे: ब्लेड लोकरीच्या नमद्यातून ओढायचं आणि किती बल लागलं ते पाहायचं. त्यातून ओढण्याचा अंदाज येतो, लागण्याचा येत नाही. म्हणून धारेच्या आकड्यांवरून लावलेली क्रमवारी आणि माणसांनी चेहऱ्यावरून लावलेली क्रमवारी जुळत नाहीत. दोन्ही प्रामाणिक आहेत, दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात.

धार जाते कशी, यावर 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक सुंदर शोध मांडला. केस पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ. मग तो पोलाद खराब कसं करतो? गियानलुका रोशिओली या विद्यार्थ्यानं स्वतःची दाढी करून दर वेळी ब्लेड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. धार हळूहळू झिजून गोल होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात धारेच्या बारीक कपच्या उडालेल्या दिसल्या. केस वाकला, ब्लेडला तिरका भिडला आणि त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, की कपची उडते. आपल्यासाठी यातून दोन गोष्टी निघतात. पोलादाची घडण जितकी एकजिनसी, तितकं ब्लेड टिकतं, म्हणजे स्वस्त आणि महाग ब्लेडांतला एक फरक खरोखर पोलादाच्या घडणीतच असू शकतो. आणि वाकणारा, अर्धवट भिजलेला केस ब्लेडला जास्त त्रास देतो, म्हणजे ब्लेडचं आयुष्य थोडंफार आपल्या हातात आहे.

आता नावांकडे. सगळ्यात धारदार म्हणून एकमतानं नाव घेतलं जातं ते जपानच्या फेदरचं. सेकी हे तलवारी आणि सुऱ्यांसाठी शतकानुशतकं प्रसिद्ध असलेलं गाव. फेदरची सुरुवात तिथे 1932 मध्ये झाली. शस्त्रक्रियेची पाती आणि प्रयोगशाळेत ऊतींचे पातळ काप काढायची पातीही हीच कंपनी बनवते, यावरून तिच्या धारेचा अंदाज यावा. राठ, दाट दाढीला फेदर वरदान आहे. तीन-चार दाढ्यांनंतर ते एकदम उतरतं, अशी तक्रार असते आणि ती मला योग्य वाटते. इतक्या बारीक टोकाकडून जास्त आयुष्याची अपेक्षा धरू नये. सेकीचीच दुसरी कंपनी काइ. तिचं पातं रुंदीला किंचित जास्त असल्यानं रेझरमधून थोडं अधिक बाहेर डोकावतं, हे लक्षात ठेवून वापरावं.

दुसऱ्या टोकाला तुर्कस्तानचं डर्बी. ते मवाळ आहे, पातळ दाढीला आणि नवशिक्याला सोसतं, पण राठ दाढीला ओढतं. इजिप्तच्या लॉर्ड कंपनीची ब्लेडंही स्वस्त आणि बरीचशी मवाळ. पाकिस्तानातल्या ट्रीटनं कार्बन पोलादाची ब्लेडंही चालू ठेवली. ज्यांना जुनी धार हवी आणि जे ब्लेड लगेच बदलायला तयार आहेत, त्यांनी ती जरूर पाहावीत. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या कारखान्यात ज्यांचं नाव झालं ती ब्लेडं, विशेषतः हिरव्या पाकिटातलं ॲस्ट्रा, गेली कित्येक वर्षं ‘कुठून सुरुवात करू?’ या प्रश्नाचं सर्वसंमत उत्तर आहे: धार पुरेशी, कातडीला सोसणारी, किंमत कमी.

नावांच्या बाबतीत एक गोंधळ मात्र जपून सोडवावा लागतो. ब्रँड म्हणजे ब्लेड नव्हे. विल्किन्सन स्वोर्ड हे नाव भारतात जिलेटकडे आहे, युरोपात दुसऱ्याच कंपनीकडे. तिकडचं ब्लेड जर्मनीतल्या झोलिंगनचं, इकडचं भारतात बनलेलं. नाव एक, पाती दोन. पर्सोना अमेरिकेतलं वेगळं आणि इस्रायलमधलं वेगळं. ‘सेव्हन ओ’क्लॉक’चं भारतीय काळं पाकीट आणि पूर्वीचं रशियन पिवळं पाकीट यांत तर ते नाव सोडून फारसं काही सामाईक नाही. त्यामुळे कुणी एखाद्या ब्लेडची स्तुती केली, तर कुठे बनलेलं, हा पहिला प्रश्न विचारावा. पाकिटाच्या मागच्या बारीक अक्षरांत उत्तर असतं.

आणि आता आपल्या घरच्या ब्लेडांबद्दल, कारण इथे मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. बाहेरचं ते चोख, इथलं ते कामचलाऊ, अशी एक जुनी समजूत आपल्याकडे दाढीच्या सामानाबाबत टिकून आहे. ब्लेडांच्या बाबतीत ती चुकीची आहे. मल्होत्रा घराण्याच्या शाखांनी कोलकात्यात आणि ठाण्यात ब्लेडांचा व्यवसाय उभा केला. टोपाझ हे त्यांचंच नाव, आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटीतल्या विद्युत मेटॅलिक्सचं सुपरमॅक्स देशाबाहेरही दूरवर गेलं. जिलेटनं पोद्दार समूहाबरोबर 1984 मध्ये इंडियन शेव्हिंग प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली, राजस्थानात भिवाडीला कारखाना घातला. 2000 मध्ये तिचंच नाव जिलेट इंडिया झालं. ‘सेव्हन ओ’क्लॉक’चं काळ्या पाकिटातलं सुपर प्लॅटिनम आणि भारतीय विल्किन्सन स्वोर्ड या दोन ब्लेडांचे चाहते युरोप-अमेरिकेत आहेत, तिकडे ती आवर्जून मागवली जातात. आपण मात्र किराण्याच्या काउंटरवर ती पाहून पुढे जातो.

सलूननं तर या ब्लेडांची रोजची परीक्षा घेतलेली आहे. एड्स आणि काविळीबद्दलची जागृती वाढल्यावर कायमचा वस्तरा मागे पडला, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कागदासकट ब्लेड मोडून त्याचं अर्धं पातं वस्तऱ्याच्या दांड्यात बसवायची पद्धत रूढ झाली. उघड्या पात्यानं अनोळखी कातडीवर काम करणाऱ्या माणसाला ओढणारं ब्लेडही परवडत नाही आणि लागणारंही. तुमच्या भागातले अनुभवी कारागीर कोणतं पाकीट वापरतात, हे विचारून पाहण्यासारखं आहे. दिवसभरात निरनिराळ्या जातीच्या दाढ्या हाताळणाऱ्याचं मत एका चेहऱ्यावरच्या मतापेक्षा मी अधिक मोलाचं मानतो.

रेझरचा मुद्दा थोडक्यात. तेच ब्लेड दोन रेझरांत दोन स्वभावांचं होतं. ब्लेड रेझरच्या टोपीखाली किती वाकतं, कडेला किती घट्ट धरलं जातं, धारेखालची संरक्षक दांडी आणि धार यांत फट किती, धार किती बाहेर येते, यांवर हे ठरतं. मेर्कुर 34सी किंवा म्यूलेचा आर89 असे मवाळ रेझर फेदरसारख्या ब्लेडला काबूत ठेवतात. म्यूलेच्याच आक्रमक आर41 मध्ये तेच फेदर घालणं हे कसलेल्या हाताचं काम आहे. साधा नियम: रेझर मवाळ तर ब्लेड धारदार, रेझर आक्रमक तर ब्लेड मध्यम.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण ब्लेडांच्या माथी मारले जाणारे निम्मे दोष पाण्याचे असतात. कोरडा केस कडक असतो. पाणी शोषल्यावर तो फुगतो, मऊ होतो आणि कापायला कितीतरी कमी जोर लागतो. त्याला दोन-तीन मिनिटं कोमट पाणी मिळालं पाहिजे. आंघोळीनंतर दाढी करण्याचा सल्ला त्यासाठीच आहे. फेसाचं काम नुसतं शोभेचं नाही. तो पाणी केसापाशी धरून ठेवतो आणि ब्लेडला सरकायला वाट देतो. आपल्याकडे मराठवाडा, सोलापूर, नगरसारख्या भागांत पुष्कळ घरी बोअरचं जड पाणी येतं. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबणाचा फेस बनण्याआधीच चोथा होतो. धरणाचं मऊ पाणी वापरणाऱ्या पुणेकरानं वाखाणलेलं ब्लेड तिथे ओढतं, आणि दोष ब्लेडला जातो. अशा ठिकाणी दाढीपुरतं तांब्याभर, क्षार काढणाऱ्या आरओ यंत्रातलं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्यावं. ब्लेड बदलण्यापेक्षा हा बदल मोठा ठरतो.

हाताचं तंत्रही तितकंच महत्त्वाचं. आधी सुलटा हात, म्हणजे केस ज्या दिशेनं वाढतो त्या दिशेनं. मग पुन्हा फेस लावून आडवा. आणि तुळतुळीतच हवी असेल आणि कातडी सोसत असेल तरच उलटा. मानेवर केसांची दिशा बहुतेकांची फिरते, ती बोटांनी चाचपून आधी समजून घ्यावी. रेझर कातडीशी सुमारे 30 अंशांत धरावा आणि त्याच्या वजनाखेरीज जास्त दाब देऊ नये. ज्यांचे केस कुरळे आहेत आणि मानेवर फोड येतात, त्यांनी उलटा हात सोडूनच द्यावा. अनेक पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पहिलं पातं केस किंचित वर ओढतं आणि पुढची पाती तो कातडीच्या पातळीखाली कापतात. असा केस वाढताना आतच वळतो आणि फोड उठतो. या त्रासाला एका पात्याची दाढी हा उत्तम उपाय आहे, आणि दुधारी ब्लेडच्या बाजूनं मला सर्वांत जड वाटणारा मुद्दाही हाच. दुसरा मुद्दा पैशांचा: पाच ब्लेडांचं देशी पाकीट एका चांगल्या कार्ट्रिजच्या किमतीच्या एका लहानशा हिश्श्यात येतं.

स्वतः तुलना करणाऱ्यांनी एका वेळी एकच गोष्ट बदलावी. रेझर तोच, साबण तोच, पाणी तेच, वाढही तेवढीच. रोजच्या आणि चार दिवसांच्या खुंटांची तुलना होत नाही. एका ब्लेडवरून निकाल देऊ नये, पूर्ण पाकीट संपवावं, कारण स्वस्त ब्लेडांत एकाच पाकिटातली दोन पाती कमीजास्त निघतात, आणि तो चढउतार हाही त्या ब्लेडचा गुण किंवा दोषच आहे. जमल्यास घरातल्या कुणाला तरी ब्लेड बसवून द्यायला सांगावं आणि नाव नंतर विचारावं. महागड्या पाकिटाबद्दलचा आदर पुष्कळदा तिथे गळून पडतो. दाढी झाल्यावर ब्लेड फडक्यानं पुसू नये, त्यात धारेचं आणि लेपाचं नुकसान होतं. नळाखाली धुऊन झटकावं आणि सुकू द्यावं. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना पाच ते सात दाढ्यांनंतर पातं बदलायला सांगते. आपल्या राठ दाढ्यांना मी चार-पाच म्हणेन. ओढायला लागलं की मोजत बसू नये.

तर माझा कौल असा. सुरुवात देशी प्लॅटिनम ब्लेडनं करावी: काळ्या पाकिटातलं सेव्हन ओ’क्लॉक किंवा भारतीय विल्किन्सन. बहुसंख्य मराठी चेहऱ्यांना शोध इथेच थांबवता येईल. ओढत असेल, तर आधी पाणी आणि फेस सुधारावा. तरीही ओढत असेल तर मवाळ रेझरमध्ये फेदर घ्यावं. लागत असेल, तर हात हलका करावा, आणि मग डर्बीसारख्या मवाळ ब्लेडकडे जावं. ॲस्ट्रा या दोन्हींच्या मध्ये बसतं.

शेवटी वाचकांना एक कळकळीची विनंती. वापरलेलं ब्लेड कागदात गुंडाळून ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. आपला कचरा हातांनी वेगळा करणाऱ्या बायका आणि पुरुष आहेत, आणि बोथट झालेलं ब्लेडही त्यांचं बोट खोलवर कापतं. पत्र्याचा एखादा रिकामा डबा घ्या, झाकणाला ब्लेड जाईल एवढी चीर पाडा, झाकण चिकटपट्टीनं बंद करा. एका घरातली कित्येक वर्षांची ब्लेडं त्यात मावतात. भरला की वर ‘ब्लेड’ असं ठळक लिहून तो डबा कचरा नेणाऱ्यांच्या हातात वेगळा द्या.